नखांची साक्ष

शेवड्यांच्या घरी रविवारी सकाळी देवाला नमस्कार व्हायच्या आधी हातांची तपासणी होत असे.

"आई, हात."

प्रसन्नने चहाचा कप खाली ठेवला आणि आईची बोटं खिडकीच्या उजेडात धरली. नखं जांभळी होती. नुसती जांभळट नव्हेत, पिकलेल्या जांभळाच्या तोंडात मारतील अशी.

"काय खाल्लंस?"

"काही नाही. आत्ता न्हाऊन बाहेर येतेय मी. चहासुद्धा व्हायचाय माझा."

"मग थरथरतेस का? घाम का फुटलाय?"

आता थरथर आणि घाम ही लक्षणं भुकेची असतात, तापाची असतात आणि चोरीचीही असतात. घरात एखाद्यावर संशय असला की पहिल्या दोन शक्यता कुणाला आठवत नाहीत. प्रसन्नने फडताळ उघडून पाहिलं. तिथे काहीच नव्हतं, कारण साखर, गूळ, काकवी हे सगळं त्यानेच वर्षभरापूर्वी घरातून हद्दपार केलं होतं. काहीच सापडलं नाही म्हणताना त्याचा संशय पक्का झाला. आई लपवण्यात तरबेज झाली होती तर!

हेमलताबाई खुर्चीत बसल्या. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. समोर पोह्यांची बशी होती, पण आपण खाल्लेलं नाही हे सिद्ध करायचं तर आता खाऊन कसं चालेल, म्हणून त्यांनी ती दूर सारली. त्या रेल्वेत टीसी होत्या. मिरज-पुणे मार्गावर त्यांची सगळी नोकरी झाली. तिकीट असलेल्या माणसाला कुणी दोनदा तिकीट विचारलं तर त्याला कसा राग येतो हे त्यांनी हजारो चेहऱ्यांवर वाचलं होतं. आता तोच राग स्वतःच्या चेहऱ्यावर वागवायची पाळी आली होती, आणि दाखवायला तिकीट नव्हतं. होती ती नखं, आणि नखं फितूर.

ही फितुरी समजायची तर थोडं विज्ञान ऐकावं लागेल. घाबरू नका, लगेच संपेल.

पॉलिसॅकराइड हे नाव कानाला रेल्वेच्या धडकेसारखं वाटतं, पण वस्तू घरातलीच आहे. साखरेचे रेणू एकमेकांचे हात धरून लांबच लांब माळ करतात, ती पॉलिसॅकराइड. भातातला स्टार्च ही अशी एक माळ. सुती लुगडं ही दुसरी. कोळंबीच्या सालीतून निघणारं कायटोसान ही तिसरी. कायटोसानच्या माळांचा गुंता करून शास्त्रज्ञांनी इतक्या बारीक गोळ्या वळल्या की केसाच्या जाडीवर शेकडो गोळ्या शेजारीशेजारी बसाव्यात. प्रत्येक गोळीच्या पोटात इन्सुलिन, आणि सोबत राखणदार म्हणून एक विकर, म्हणजे एन्झाइम. रक्तात साखर वाढली की हे विकर तिचं सौम्य आम्ल करतं. आम्ल लागलं की कायटोसान फुगतं, जाळी सैल होते, इन्सुलिन बाहेर पडतं. साखर उतरली की जाळी पुन्हा आवळते. महिन्यातून एकदा दंडात सुई टोचली की कातडीखाली मसुराएवढा दाणा तयार होई, आणि पुढे महिनाभर तो दाणा आपला आपण हिशेबाने वागे. साखरेच्या रोगावर साखरेच्याच माळा. काट्याने काटा काढायची ही कल्पना खरोखर थोर होती. हेमलताबाईंच्या यजमानांनी जन्मात कोळंबीला हात लावला नव्हता. त्यांच्या माघारी कोळंबी थेट बाईंच्या दंडात राहायला आली. पण रोजच्या सुया सुटल्या, डोळ्यांवरची झापड गेली, आणि बाईंनी कोळंबीला मनातल्या मनात शाकाहारी करून घेतलं.

इथपर्यंत सगळं शास्त्रज्ञांचं होतं. पुढचं व्यवस्थापनाचं.

गोळीत इन्सुलिनबरोबर थोडा रंगही भरलेला असे. औषध सुटलं की तो नखाखाली उतरायचा आणि काही तासांनी लघवीवाटे निघून जायचा. डॉक्टरला नुसत्या नजरेने कळावं की औषध काम करतंय, एवढाच त्याचा हेतू. साध्या जेवणानंतर नखं फिकट गुलाबी होत. ताटभर जिलबीनंतर जांभळी. हे 'मधुरक्षा योजने'च्या कचेरीत कुणाच्या तरी लक्षात आलं आणि त्या रंगाचं नाव 'साक्षी' ठेवण्यात आलं. औषध फुकट होतं, म्हणून नखं योजनेच्या मालकीची झाली. घरच्या माणसाने नखांचा फोटो पाठवायचा. पुन्हा पुन्हा जांभळी आढळली तर रुग्णाची रवानगी पथ्यनिवासात. तिथे गेलेली माणसं बारीक होऊन परत येत आणि पुढे फारशी बोलत नसत. नातेवाइकांना दोन्ही गोष्टी पसंत पडल्या होत्या.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात योजनेचे पथ्यनिरीक्षक शार्दूल जंगम शेवड्यांच्या घरी आले. जंगम हा तिशीतला, हसऱ्या चेहऱ्याचा आणि मनाने चांगला गृहस्थ होता. असल्या खात्यांत नेहमी चांगली माणसं नेमतात. वाईट माणसाला लोक दारातूनच परत पाठवतात.

"काकू, रविवारच्या फोटोंचं काय करायचं आपण?" त्यांनी फोन पुढे केला. "दर रविवारी जांभळी. बाकीचे दिवस एकदम शहाण्या मुलीसारख्या."

"मी कधीच शहाण्या मुलीसारखी नव्हते. पण गोड खाल्लेलं नाही."

"नख खोटं बोलत नाही, काकू."

"नख मुळी बोलतच नाही, जंगम. बोलता तुम्ही. रक्त तपासलंत का माझं कधी?"

"त्याची गरज पडत नाही. नख जांभळं म्हणजे पुरावाच. पुरावा मिळाल्यावर तपास कशाला करायचा?"

हेमलताबाईंनी सुनेकडे पाहिलं. ऋतुजा बँकेत नोकरीला होती, पुराव्याशिवाय कर्ज देत नसे. पण ती नवऱ्याकडे बघत होती आणि प्रसन्न पायपुसण्याकडे.

"आई, तुझ्या भल्यासाठीच आहे गं," तो म्हणाला. "महिनाभर जाऊन यायचं. तिथे बाग आहे म्हणे."

"बागेत मला लावणार आहेत का?"

जंगम हसले. मग गंभीर झाले. दिवाळीत फराळामुळे विशेष मोहीम होती. सणात एकदा जरी नखं जांभळी सापडली तरी भाऊबीज पथ्यनिवासात, असा वरून हुकूम होता. ते गेल्यावर हेमलताबाई बराच वेळ गॅलरीत उभ्या होत्या. समोर कृष्णा वाहत होती, पलीकडून कोयना येऊन तिला मिळत होती, आणि त्या दोघींना कुणी हात दाखवायला सांगत नव्हतं. पथ्यनिवासाची त्यांना भीती नव्हती. जेवण तिथेही मिळालं असतं. पण आपण गेलो की घरात कायमचं ठरणार, आई चोरून खाते. मेल्यावर फोटोला हार घालतानासुद्धा पोराच्या मनात तेच येणार. ते त्यांना नको होतं.

शेजारच्या गॅलरीतून हाक आली. "टीसीबाई! या इकडं. चेहरा का असा पडलाय, आरक्षण रद्द झाल्यागत?"

बापूसाहेब डुबल हे कऱ्हाडचे निवृत्त तलाठी. मधुमेह त्यांनाही, दंडात दाणा त्यांच्याही. हेमलताबाई त्यांच्या घरी गेल्या आणि दारातच थबकल्या. बापूसाहेब आरामखुर्चीत टेकले होते. डाव्या दंडावर बर्फाची पिशवी बांधलेली होती आणि उजव्या हातात साताऱ्याचा कंदी पेढा होता.

"बापूसाहेब! दिवसाढवळ्या?"

"रात्री झोप लागती मला." त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि दहाही बोटं पुढे केली. नखं धुतल्या तांदळासारखी. "बघा. मारा शिक्का."

"हे कसं?"

"उन्हाळ्यात जिन्यावर घसरलो, दंड सुजला. सुनेनं बर्फ बांधला. त्याच दिवशी आमरस होता. म्हटलं, जायचंच आहे पथ्यनिवासात तर वाटीला वाटी लावून जाऊ. संध्याकाळी हात बघितले तर नखं कोरी! तेव्हा कळलं, थंडीत तो दाणा झोपतो. झोपला की औषध सोडत नाही, अन् औषध नाही तर रंग नाही."

"अहो पण मग साखर रक्तातच राहते की!"

"राहू दे ना. नखात दिसत नाही."

हेमलताबाईंची नजर त्यांच्या पायाकडे गेली. अंगठ्याला पट्टी होती आणि पट्टीच्या कडेला काळसर डाग.

"हे कधीपासून?"

"जखम आहे, भरंना झालीय." बापूसाहेबांनी पाय धोतराआड घेतला. "ते सोडा. बर्फ देऊ का थोडा?"

बाई उठल्या. फुकट्या प्रवाशांकडून त्यांना नोकरीत पुष्कळ शिकायला मिळालं होतं. गाडी कुठल्या वळणावर हळू होते हे ड्रायव्हरपेक्षा फुकट्याला जास्त पक्कं ठाऊक असतं. थंडीत दाणा झोपतो. मग कशाने जागा होतो? कशाने खडबडून उठतो?

त्या आपल्या न्हाणीघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

हेमलताबाईंचं कढत पाणी सोसायटीत प्रसिद्ध होतं. उकळत्या पाण्यात गार पाण्याचं विसण घालणं त्यांना पाण्याचा अपमान वाटे. इतर दिवशी गच्चीवरच्या सौर बंबाचं पाणी घरातल्या सगळ्यांत वाटलं जाई आणि बाईंच्या वाट्याला कोमट दोन तांबे येत. रविवारी मात्र घर उशिरापर्यंत लोळायचं. तेव्हा अख्खा बंब एकट्या बाईंचा. दंडाला, पाठीला तेल रगडून त्या वाफेत बसत आणि टोमॅटोसारख्या लाल होऊन बाहेर येत.

रगडलेला दंड, कढत पाणी, फुगलेली जाळी. दाण्याला वाटत असणार, घराला आग लागली, आधी माल बाहेर काढा. ज्या कुणी या औषधाच्या चाचण्या घेतल्या त्यांनी सगळं तपासलं होतं, पण त्यांचे स्वयंसेवक शॉवरखाली तीन मिनिटं उभं राहण्याला अंघोळ म्हणत असावेत.

म्हणजे रविवारी नखं जांभळी होत ती साखर खाल्ल्यामुळे नव्हे. साखर वाढलेली नसतानाच इन्सुलिन सांडत होतं. साखर तळाला जात होती, म्हणून ती थरथर, तो घाम, ते काजवे. आणि निर्दोष ठरायच्या हट्टापायी बाई वर उपाशी राहत होत्या. औषध एकीकडून त्यांना चोर ठरवत होतं आणि दुसरीकडून मारायला निघालं होतं. हे कळल्यावर माणसाने घाबरावं. हेमलताबाईंना पहिल्यांदा बरं वाटलं.

प्रसन्नला सांगून उपयोग नव्हता. आरोपीने स्वतः काढलेला शोध कुणी ऐकत नाही. त्यांनी फोन उचलला.

"जंगम, नरकचतुर्दशीला पहाटे आमच्याकडे या. माझ्या अंघोळीला."

पलीकडून जंगमांना लागलेला चहाचा ठसका ऐकू आला.

"दाराबाहेर बसायचंय हो! आदल्या रात्री येऊन पाहुण्यांसाठी विकत आणलेल्या फराळाच्या कपाटाला तुमचं सील लावा. सकाळी माझी नखं जांभळी दिसली तर तिथूनच पथ्यनिवासात न्या. पण रक्त तपासायचं यंत्र बरोबर आणा. पंचनाम्यासाठी ठेवता ना तुम्ही पिशवीत, ते."

नरकचतुर्दशीला उजाडायच्या आधी सोसायटीत दिवे लागले. उटण्याचा वास जिन्यापर्यंत आला होता. त्या पहाटे कऱ्हाडात एकही म्हातारा माणूस असा नव्हता, ज्याला तेल रगडून कढत पाण्याने न्हाऊ घातलं जात नव्हतं. जंगम दिवाणखान्यात अवघडून बसले होते. कपाटावर लाल सील होतं. ऋतुजाने सासूबाईंचे हात आधीच सगळ्यांना दाखवले होते. नखं स्वच्छ.

"आई, गरम पाण्याचा हट्ट आज तरी नको," प्रसन्न म्हणाला.

"आजच हवा."

न्हाणीघरातून तांब्याचे आवाज आले, वाफ दाराखालून बाहेर आली. पुष्कळ वेळाने लाल चेहऱ्याच्या हेमलताबाई नवं लुगडं नेसून बाहेर आल्या, तडक गॅलरीतल्या तुळशीपाशी गेल्या. कुंडीजवळ कारीट ठेवलेलं होतं. डाव्या पायाच्या अंगठ्याने त्यांनी ते फोडलं, "गोविंदा" म्हटलं, आणि रसाचं बोट जिभेला लावलं. चेहरा वाकडा झाला. कारटाइतकं कडू दुसरं काही नाही. नरकासुर मेला तो बहुधा चवीनेच मेला असावा.

मग त्यांनी हात पुढे केले.

नखं जांभळी होऊ लागली होती. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत रंग चढत गेला.

"लिहा जंगम," त्या म्हणाल्या. जीभ जड झाली होती. "काय खाल्लं मी?"

"काकू... कारीट."

"योजनेत कारटाला बंदी आहे का?"

उत्तर यायच्या आत त्या कलल्या. ऋतुजाने त्यांना धरून खाली बसवलं. अंग घामाने थबथबलं होतं, लुगडं पाठीला चिकटलं होतं.

"टोचा आधी!" ती जंगमांवर ओरडली. "बघताय काय? ते यंत्र काढा!"

जंगमांनी घाईने सुई टोचली. यंत्रावर आकडा आला. अठ्ठेचाळीस. सुदृढ माणसाची साखर उपाशीपोटीही यापेक्षा कितीतरी जास्त असते. जंगमांचा फोन त्याच वेळी मंजुळ आवाजात म्हणाला, "जांभळ्या नखांच्या रुग्णास कोणताही गोड पदार्थ देऊ नये."

प्रसन्न फोनकडे पाहत राहिला. मग त्याने आईकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून त्याच्याकडेच पाहत होती, आणि तिच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसती वाट पाहणं होतं. स्टेशनवर उशिरा येणाऱ्या गाडीची वाट पाहावी तसं.

त्याने जंगमांच्या हातातून फोन काढून घेतला आणि सोफ्याच्या उशीखाली दाबला. स्वयंपाकघरात धावला. साखर नव्हती, गूळ नव्हता. मोठ्या दूरदर्शीपणाने त्याने घर इतकं स्वच्छ ठेवलं होतं की आईचा जीव वाचवायला चिमूटभर गोड सापडेना. कपाटाच्या दाराला त्याने हिसका दिला. सील सरकारी होतं, ते हललं नाही. तेव्हा तो गॅलरीत आला आणि आयुष्यात प्रथमच साऱ्या सोसायटीला ऐकू जाईल असं ओरडला.

"बापूसाहेब! गोड! काहीतरी गोड द्या!"

बापूसाहेब नुकतेच न्हाऊन कठड्याशी आले होते. त्यांनी घरात जंगम पाहिले. जंगमांनी त्यांना पाहिलं. आता दार लावून घेतलं असतं तर बापूसाहेबांची कोरी नखं जन्मभर कोरी राहिली असती. त्यांनी दंडावर पुन्हा बांधलेल्या बर्फाच्या पिशवीची गाठ सोडली, आत हात घातला, आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या कंदी पेढ्यांचं पुडकं दोन गॅलऱ्यांच्या मधून प्रसन्नच्या हातात ठेवलं.

"गार आहेत जरा," ते जंगमांना म्हणाले. "तुम्ही पण घ्या साहेब. पुरावा आहे."

प्रसन्नने पेढा कुस्करून आईच्या जिभेवर ठेवला. वर्षानंतर पहिलं गोड, तेही सरकारी निरीक्षकासमोर. हेमलताबाईंनी सावकाश गिळलं. दुसरा पेढा त्यांनी स्वतः उचलला आणि जंगमांच्या डोळ्यांत डोळे घालून खाल्ला.

"हा मात्र लिहून घ्या," आवाज परत येताच त्या म्हणाल्या. "हा मी खाल्लाय."

लिहायला जंगमांना सवड झाली नाही. उशीखालचा फोन बोंबलायला लागला होता, जांभळ्या नखांचे फोटो एकामागून एक येत होते. तिसऱ्या मजल्यावरचे अण्णा. समोरच्या इमारतीतल्या मावशी. सोमवार पेठ, मंगळवार पेठ, मलकापूर रस्ता. चकलीचा डबा उघडायच्या आधी, अंगावरच्या ओल्या पंच्यानिशी, सारं कऱ्हाड जांभळं झालं होतं. मागच्या दिवाळीला हे औषधच आलेलं नव्हतं, त्यामुळे हा देखावा कुणी पाहिलेला नव्हता. खालच्या मजल्यावरून बाईचा आवाज आला, "अहो, हे बघा कसे करतायत! हात थरथरतायत यांचे!"

बापूसाहेबांनी आपले हात वर केले. बर्फ सुटला होता, कढत पाणी पडलं होतं. तेही जांभळे. ते मटकन खाली बसले आणि उरलेल्या पुडक्याकडे त्यांनी आशेने पाहिलं.

"जंगम," हेमलताबाई भिंतीचा आधार घेत उठल्या, "पेढे घ्या आणि खाली पळा. थरथरेल त्याच्या तोंडात घाला. ऋतुजा, फोनाफोनी कर, सगळ्यांना सांग. प्रसन्न, ते सील तोड."

त्या दिवशी सूर्य उगवताना कऱ्हाडच्या रहिवाशांनी एक दृश्य पाहिलं, ते पुढे कुणाला सांगून पटेना. पथ्यनिरीक्षक शार्दूल जंगम गळ्यात ओळखपत्र घालून जिने चढत-उतरत होते आणि मधुमेही म्हाताऱ्यांच्या तोंडात बेसनाचे लाडू कोंबत होते. कुणी दगावलं नाही, ते त्या लाडवांमुळे.

योजनेने दखल घेतली. भाऊबीजेला परिपत्रक आलं. त्यात औषधाचा दोष कबूल केला नव्हता. रुग्णांनी अंघोळीत विसण घालावं, पाणी कोमट असावं, आणि पाण्याचा फोटो रोज पाठवावा असं म्हटलं होतं. पथ्यनिवासातली रवानगी 'पुनर्विचाराधीन' होती.

हेमलताबाईंनी ते परिपत्रक मोठ्याने वाचलं आणि ऋतुजाला बाजारात पाठवलं.

संध्याकाळी जंगम फोटो घ्यायला आले तेव्हा सोसायटीच्या पटांगणात म्हातारी मंडळी ओळीने बसली होती. सगळ्यांच्या नखांना जांभळा नखरंग होता. बायकांच्या, पुरुषांच्या, मधुमेह असलेल्यांच्या, नसलेल्यांच्या. ऋतुजाच्या बोटांना होता. प्रसन्नच्या बोटांना होता, आणि तो त्यावर फुंकर घालत होता. बापूसाहेब पाय डॉक्टरांना दाखवून आले होते. पट्टी नवी होती, आणि पट्टीबाहेरच्या चारही बोटांची नखं जांभळी होती.

"काकू, आता मी कुणी काय खाल्लं हे कसं ओळखायचं?" जंगम हताशपणे म्हणाले.

"विचारायचं," हेमलताबाई म्हणाल्या. "सांगतो आम्ही. आणि पटलं नाही तर रक्त तपासायचं. औषध आम्हाला हवं आहे जंगम, ते उत्तम आहे. साक्षीदार नकोय. हात द्या तुमचा."

जंगमांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हात पुढे केला. त्यांच्या करंगळीपासून सुरुवात झाली.

डॉक्टरांनी बाईंना नंतर दोन पर्याय दिले. एक तर दंडावर गरम पाणी घ्यायचं नाही, विसण घालून कोमट पाण्याने न्हायचं. नाहीतर कढत पाण्याने न्हायच्या आधी अर्धा लाडू खायचा.

पुढच्या रविवारी घर लोळत पडलेलं असताना प्रसन्न लवकर उठला. त्याने बंबाचा नळ सोडून पाणी बोटाने पाहिलं, हात झटकला, आणि आईच्या दारावर टकटक केली.

"आई, पाणी काढलंय. चांगलं कढत आहे. विसण घालू का?"

आतून लगेच उत्तर आलं नाही. हेमलताबाईंच्या तोंडात लाडू होता.